भिंती नसलेला मठ

जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गचा स्त्रीमठ राणी माटिल्डेनं ९३६ मध्ये, पती हाइनरिश वारल्यावर, त्याच्या समाधीपाशी स्थापला. प्रवेश मिळे तो राजघराण्यांतल्या आणि सरदारांच्या लेकींना. मठाच्या नावावर जमिनी होत्या, त्यांच्या उत्पन्नावर सगळा कारभार चाले. मुलींना स्वतःची मालमत्ता आणि दासी बाळगता येत, लग्न ठरलं तर मठ सोडूनही जाता येई. लिहिणं-वाचणं मात्र लॅटिनमध्ये.

इकडे महाराष्ट्रात, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात इथे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या भोवती महानुभाव पंथाचे साधक जमले होते आणि त्यांत बायकाही बऱ्याच होत्या. महदाइसा, आबाइसा, उमाइसा ही त्यांतली नावं. पुष्कळजणी चांगल्या घरच्या, बऱ्याच विधवा. म्हणजे इथेही कुलीन स्त्रिया आल्या. पण इथली रीत क्वेडलिनबुर्गच्या नेमकी उलट होती.

पंथात यायचं तर घेऊन काही यायचं नव्हतं, सोडून यायचं होतं. घर, नातेवाईक, ओळखीचा गाव, सगळंच. अपरिचित मुलखात झाडाखाली आयुष्य काढावं, ही पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांची शिकवण. पोटासाठी झोळी घेऊन घरोघर भिक्षा मागायची. जे पडेल ते एकत्र कालवायचं, म्हणजे चवीची ओढ उरत नाही. पंथाच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून ती राखायला कुणी कुलीन कारभारीणही लागली नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला परक्या दारात उभं राहून मागणं किती जड गेलं असेल!

सोवळ्याचाच प्रश्न पुढे आला, तेव्हा चक्रधरांनी मासिक पाळीचा विटाळ मानायचं नाकारलं. नाकातून शेंबूड येतो, तसाच हाही देहाचा एक स्राव, असं त्यांनी सांगितलं. सातशेहून जास्त वर्षं झाली, तरी आजही अनेक घरांत एवढं सरळ बोललं जात नाही.

शिक्षण चाले ते विचारण्यातून. महदाइसा बालविधवा. तिच्या सततच्या प्रश्नांची दखल स्वतः चक्रधरांनी घेतली, आणि त्या शंकांची उत्तरं पुढे पंथाच्या ज्ञानाचा भाग झाली. पुढे गोविंदप्रभूंनी स्वतःच्या लग्नाचा हट्ट धरला. मांडव पडला, बायका जमल्या आणि महदाइसेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले. म्हणून तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. कवितेचा जन्म चालू सोहळ्यात, बायकांच्या घोळक्यात झाला. मला यात तिची हुशारी जेवढी दिसते, तेवढाच त्या घोळक्याचा मोकळेपणाही दिसतो.

या बायकांमुळे मराठीचं काय झालं, ते नागदेवाचार्यांच्या काळात दिसतं. चक्रधरांच्या नंतर पंथाची धुरा त्यांच्याकडे आली. विद्वान केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचं कारण. विद्येची भाषा कुणाच्या सोयीनं ठरावी, याचा निकाल इथे म्हाताऱ्यांच्या बाजूनं लागला. योगायोग असा की त्याच शतकात माग्डेबुर्गची मेख्टहिल्ड आपले ईश्वरानुभव लॅटिन सोडून लोकांच्या जर्मन बोलीत लिहीत होती. उतारवयात ती हेल्फ्टाच्या मठात राहायला गेली.

ज्यांनी चक्रधरांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना पंथातल्याच म्हाइंभटांनी गाठून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढे खलजी फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा पंथातल्या मंडळींनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले, आणि त्यांतला एक हिराइसा या साधिकेचा पाठ म्हणून ओळखला जातो.