प्रेअरी परत आणताना

मंडळी, आज आपण अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या प्रेअरीकडे वळू. प्रेअरी म्हणजे उंच गवतांचं माळरान. त्यात ओकची सुटीसुटी झाडं आली की सव्हाना, दाटी वाढली की वन. इलिनॉयला ‘प्रेअरी राज्य’ म्हणतात, पण तिथे मूळ प्रेअरीचा हजारावा हिस्साही उरलेला नाही. जमीन कसदार, त्यामुळे बहुतेक सगळी नांगराखाली गेली.

ती परत आणता येते का? हा प्रयोग १९३०च्या दशकात मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये सुरू झाला. आल्डो लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या शेतजमिनीवर प्रेअरीची रोपं लावली. पण केंटकी ब्लूग्राससारखी परकी गवतं हटेनात. मग १९४०च्या दशकात जॉन कर्टिस यांनी तिथे आग लावून पाहिली. आता बघा, ब्लूग्रास वसंतात लवकर हिरवं होतं, म्हणून वसंतातल्या आगीत तेच होरपळतं. प्रेअरीच्या गवतांचा जीव मात्र खोल मुळांत असतो. ती नंतर जोमानं फुटतात. जाड सालीचे बर ओकही तगतात.

म्हणजे आग लावली की झालं? नाही. स्वीट क्लोव्हरचं कठीण बी आगीमुळे उलट जास्त रुजतं. ही वनस्पती दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षी फुलावर आली की बी धरण्याआधी कापायची.

वनात त्रास बकथॉर्नचा. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं हे झुडूप लवकर पालवतं, उशिरा पानं गाळतं, आणि त्याच्या सावलीत ओकची रोपं दबतात. नुसतं तोडलं तर बुंध्यातून फुटवे येतात, म्हणून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावतात. मोकळ्या जागेत स्थानिक बी पेरलं नाही, तर पुन्हा तणच माजतं.

कर्टिस यांचंच नाव दिलेल्या त्या प्रेअरीत आजही शहराचं पावसाचं पाणी येतं, आणि ओल्या भागात रीड कॅनरी गवत पसरतं. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, काम चालूच आहे.

पुण्याच्या टेकड्यांवर आपण हिरवाईसाठी गिरिपुष्प लावलं. माळरानाला ‘पडीक’ म्हणायची आपली सवय जुनी. तेव्हा पुढच्या वेळी खड्डा खणण्याआधी एवढं विचारू या: इथे मुळात काय उगवत होतं?