बी.ए.नंतर थांबायचेच का?

जळगाव-धुळ्यातल्या आपल्या कितीतरी घरांत बी.ए. झालेले मूल हेच घरातले पहिले पदवीधर असते. मुलगी असेल तर निकाल लागताच स्थळांची बोलणी सुरू होतात, मुलगा असेल तर दुकान. राज्यशास्त्राची आवड असलेल्या मुलांना पीएच.डी.पर्यंत रस्ता आहे, हे सांगणारे घरात कोणी नसते.

१९९०मध्ये जळगावला विद्यापीठ झाले, तेव्हापासून त्यासाठी पुण्याकडे पाहावे लागत नाही. एम.ए.ला किमान ५५ टक्के हवेत; नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि अनुसूचित जमातींना ५ टक्के सूट आहे. मोमीन, पिंजारी, बागवान ओबीसीत येतात, तर यावल-रावेरचे तडवी भिल्ल जमातीत. दाखल्यांची धावपळ एम.ए.च्या पहिल्याच वर्षी उरकावी, नाहीतर ऐनवेळी तहसीलच्या चकरा होतात. मग नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. २०२४पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात.

पैशांचा प्रश्न खरा आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. गरीब घरांना हा मोठा फटका होता. आता भिस्त नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफवर: पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार, पुढे ४२ हजार. ओबीसींसाठी महाज्योतीचीही फेलोशिप आहे.

आता मुलींच्या अम्मी-अब्बूंनी नीट वाचावे. "लग्न झाले की शिक्षण वाया," असे आपण सहज म्हणतो. यूजीसीचे २०२२चे नियम वेगळे सांगतात. पीएच.डी.ला किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षे. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. लग्नामुळे गाव बदलले तर संशोधनाचे साहित्य दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा आहे. सासर सुरतेला असो की मालेगावला, हे बोलणे निकाहाआधी व्हावे. नंतर मुलीला एकटीला ते मांडणे जड जाते.

विषयासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका २००३च्या. तिथे निम्म्या जागा महिलांच्या आहेत. निवडून आलेल्या मुस्लिम नगरसेविका सभेत काय मांडतात, वॉर्डातली कामे कोण ठरवते? सभांची इतिवृत्ते आहेत, त्या बायका आपल्याच मोहल्ल्यात राहतात, आणि घरात बसवून मोकळेपणाने बोलतील त्या एखाद्या मुलीशीच.