गुडघा : रचना, कार्य आणि राखण

भातलावणीसाठी दिवसभर चिखलात वाकणारी स्त्री, पाण्याचा हंडा घेऊन चढण चढणारी मुलगी, फळ्यासमोर तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक, वाड्यावस्त्यांवर पायपीट करणारी आरोग्यसेविका या सर्वांच्या श्रमांचा भार ज्या सांध्यावर पडतो, तो म्हणजे गुडघा. मानवी शरीरातील हा सर्वांत मोठा सांधा होय. तो दुखू लागेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि दुखू लागल्यावर "वय झाले, आता चालायचेच" असे म्हणून विषय सोडून दिला जातो. या दोन्ही गोष्टी हानिकारक आहेत. गुडघ्याची रचना समजून घेतली, तर त्याची राखण कशी करावी हे वेगळे सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

तीन हाडांचा सांधा

गुडघ्यात तीन हाडे एकत्र येतात. वरच्या बाजूस मांडीचे हाड असते. शरीरातील सर्वांत लांब आणि बळकट असे हे हाड खालच्या टोकाशी रुंद होऊन दोन गोलसर उंचवट्यांत संपते. खालच्या बाजूस नडगीचे हाड असून त्याचा माथा जवळजवळ सपाट असतो. समोरच्या बाजूस गुडघ्याची वाटी असते. पोटरीच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड प्रत्यक्ष गुडघ्याच्या सांध्यात येत नाही; ते बाहेरच्या बंधाला आणि स्नायूला आधार देते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत घट्ट बसलेला असतो. गुडघ्यात तशी खोबण नाही. दोन गोल टोके एका सपाट पाटावर टेकलेली असावीत, तशी ही मांडणी आहे. म्हणजेच हाडांच्या आकारामुळे गुडघ्याला फारसे स्थैर्य मिळत नाही. ते मिळते सभोवतालचे बंध आणि स्नायू यांच्यामुळे. गुडघ्याचे सामर्थ्य आणि त्याचा दुबळेपणा या दोहोंचे मूळ येथेच आहे.

बंध, गाद्या आणि वाटी

गुडघ्याला चार मुख्य बंध आहेत. आतील व बाहेरील बाजूंचे दोन बंध सांध्याला आडवे कलू देत नाहीत. सांध्याच्या आत दोन बंध परस्परांना छेदून जातात. त्यांना स्वस्तिक बंध म्हणतात. पुढचा स्वस्तिक बंध नडगीला पुढे सरकू देत नाही, तर मागचा तिला मागे सरकण्यापासून रोखतो. कबड्डी किंवा खो-खो खेळताना पाय जमिनीत रोवलेला असताना शरीर एकदम वळले, तर पुढचा बंध तुटण्याचा धोका असतो.

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चामय गाद्या असतात. त्यांच्या कडा जाड व मध्यभाग पातळ असल्यामुळे सपाट माथ्यावर उथळ खळगे तयार होतात आणि मांडीच्या हाडाची गोल टोके त्यांत नीट बसतात. या गाद्या हादरे शोषून घेतात आणि भार विस्तृत पृष्ठभागावर पसरवितात. त्यांच्या केवळ बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. म्हणून आतल्या भागाला पडलेली चीर सहसा आपोआप भरून येत नाही.

मांडीच्या पुढील भागातील चार शिरांचा बलवान स्नायू ज्या कंडरेच्या द्वारे नडगीला ओढतो, त्या कंडरेतच गुडघ्याची वाटी बसविलेली असते. विहिरीवरील रहाटाच्या चाकावरून दोर सरकावा, त्याप्रमाणे वाटी ही कंडरा सांध्यापासून थोडी पुढे धरून ठेवते. त्यामुळे स्नायूच्या ओढीला जोर येतो आणि कमी शक्तीत पाय सरळ होतो. जन्माच्या वेळी ही वाटी कूर्चेची असते; तिचे हाडात रूपांतर होण्यास साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या वर्षी प्रारंभ होतो.

न दुखणारी कूर्चा

हाडांची परस्परांना टेकणारी टोके गुळगुळीत कूर्चेने आच्छादलेली असतात. वाटीच्या मागील बाजूस हा थर सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत जाड असू शकतो. सांध्याच्या आतील अस्तरातून पाझरणारा चिकट द्रव वंगणाचे काम करतो. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण या द्रवातूनच होते. भार पडला की ती दबते आणि भार हटला की फुगून द्रव शोषून घेते. याचा अर्थ असा की, हालचाल हेच कूर्चेच्या पोषणाचे साधन होय. मज्जातंतू नसल्यामुळे मात्र ती झिजत असताना दुखत नाही. वेदना जाणवते ती झीज अस्तर, हाड व बंध यांच्यापर्यंत पोहोचल्यावर. दुखू लागेपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते, ते यामुळेच.

केवळ बिजागरी नव्हे

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा उघडतो व मिटतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाय वाकताना मांडीचे हाड नडगीच्या माथ्यावर गडगडते आणि त्याच वेळी घसरतेही. पाय पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर वळते व सांधा जणू कुलूप लागल्याप्रमाणे स्थिर होतो. म्हणूनच माणूस स्नायूंना फारसा ताण न देता बराच वेळ उभा राहू शकतो. पाय वाकविताना गुडघ्यामागील एक लहान स्नायू हे कुलूप उघडतो.

कृत्रिम गुडघ्याच्या इतिहासातही हेच दिसून येते. १८९० मध्ये बर्लिन येथे थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने निकामी झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसविली. परंतु जंतुसंसर्गामुळे तो प्रयोग टिकला नाही. पुढे धातूच्या बिजागऱ्या आल्या, पण वळण्याचा सर्व ताण हाडावर येऊन त्या सैल होत. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे नैसर्गिक गोल टोकांचे अनुकरण करणारा सांधा वापरात आला आणि आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या.

भाराचे गणित

ज्यांच्या गुडघ्यात मापक उपकरण असलेले कृत्रिम सांधे बसविले गेले, अशा रुग्णांवरून गुडघ्यावरील भार प्रत्यक्ष मोजता आला. सपाट जमिनीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा अधिक आणि उतरताना साडेतीन पटींच्या जवळपास असतो. ६० किलो वजनाची व्यक्ती जिना उतरते, तेव्हा तिच्या गुडघ्यावर सुमारे २१० किलोचा भार येतो. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल व्यक्तींचे वजन १ किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो.

हा भार झेलण्यात मांडीच्या स्नायूंचा वाटा मोठा आहे. ते बळकट असतील, तर हादरा सांध्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बराचसा शोषला जातो. गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद केले की हे स्नायू रोडावतात, सांध्यावरील भार वाढतो आणि दुखणे अधिकच बळावते. हे दुष्टचक्र तोडणे हाच उपचाराचा गाभा होय.

काय करता येईल?

यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच ते दहा सेकंद तसाच धरावा व हळूहळू खाली आणावा. दोन्ही पायांनी हा व्यायाम रोज दहा-पंधरा वेळा करावा. झेपेल तेवढे सपाट जमिनीवर नियमित चालावे. निंदणी किंवा लावणी करणाऱ्यांनी सतत उकिडवे न बसता मधूनमधून उभे राहून पाय मोकळे करावेत. ज्यांचे गुडघे आधीच झिजले आहेत, त्यांनी उंच बैठक वापरावी व काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

गुडघा लाल व गरम होऊन सुजला आणि ताप आला, वाकविलेला पाय अडकून सरळच होईना, किंवा मार लागल्यावर पायावर उभे राहता येईना, तर विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. लेबल नसलेल्या पुड्या व गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो. त्यामुळे काही दिवस आराम वाटतो, पण पुढे हाडे ठिसूळ होणे व रक्तातील साखर वाढणे असे दुष्परिणाम होतात.

शाळा आणि पंचायतीची जबाबदारी

तीन-चार वर्षांच्या बालकाचे गुडघे किंचित आत वळलेले असणे स्वाभाविक आहे. सातव्या वर्षापर्यंत ते बहुधा सरळ होतात. त्यानंतरही वाक कायम राहिला, वाढत गेला किंवा एकाच पायात दिसला, तर शिक्षकांनी ते मूल वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. "ड" जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा मुडदूस हे त्याचे एक कारण असू शकते.

दुसरे कारण पाण्यात असते. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील फ्लुओराइडग्रस्त भागात गुडघे आत वळण्याच्या विकृतीची नोंद केली. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लुओराइड अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ मिलिग्रॅम ही अखेरची मर्यादा होय. हाडांत एकदा आलेली विकृती औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून विंधनविहिरीच्या पाण्याची वेळोवेळी तपासणी करून घेणे आणि दूषित स्रोत पिण्यासाठी बंद ठेवणे ही पंचायतीची महत्त्वाची जबाबदारी ठरते. समाजमंदिर, शाळा व सार्वजनिक शौचालय बांधताना पायऱ्यांना कठडा आणि वृद्धांसाठी उंच बैठकीची सोय केली, तर अल्प खर्चात अनेकांचे हाल वाचतील.

गुडघ्याचे स्थैर्य एकट्या हाडावर अवलंबून नाही. बंध, गाद्या, कूर्चा व स्नायू यांनी मिळून ते सांभाळलेले असते. यांपैकी कूर्चा आणि गाद्या मूळच्या स्थितीत परत आणणे कठीण आहे, परंतु स्नायू कोणत्याही वयात बळकट करता येतात. वेदनेची वाट न पाहता तेवढे एक काम नेमाने केले, तर श्रमावर जगणाऱ्या माणसाला आपल्या पायांवर उभे राहण्याचे बळ अधिक काळ टिकविता येईल.