पाणी का टाळतो आपण?

आपल्या श्रीगोंद्याचं लिंबू लांबच्या बाजारात जातं, पण तोडणाऱ्या बाईच्या पोटात सरबत जात नाही. आयुर्वेद उन्हाळ्यात पातळ, गोड, थंड खायला सांगतो. आंबट, खारट, तिखट कमी. चिनी वैद्यकातही उन्हाळा अग्नीचाच, तिकडे घरोघरी मुगाचं पाणी पितात. आपलं मुगाचं कढणच म्हणा की! मात्र दिवसभर घाम गाळला की मीठही अंगातून जातं. अशा वेळी लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालावं, वर लिंबू पिळावं. बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

पण खरी अडचण वेगळीच. रानात आडोसा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, चक्कर. आम्ही गटात ठरवलंय, मालकाकडे आडोसा मागायचा, नाहीतर चार काठ्या आणि जुनं लुगडं न्यायचं. यात लाज कसली?

कुणी असंबद्ध बोलू लागली, अंग भाजतंय, तर कांदा हुंगवत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.