एक्सओ-१ : शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घडण

विकसनशील देशांतील शाळकरी मुलांना प्रत्येकी एक संगणक मिळावा आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात असावी, हा संकल्प एमआयटीच्या मीडिया लॅबचे सहसंस्थापक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी जानेवारी २००५मध्ये दावोस येथे मांडला. त्यातून ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही संस्था उभी राहिली आणि नोव्हेंबर २००७मध्ये तैवानच्या क्वांटा या कंपनीने एक्सओ-१ या यंत्राचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्कच्या जागी अवघी एक गिगाबाइट फ्लॅश साठवण, एवढ्यावरून पाहिले तर हे यंत्र त्या काळीही दुबळेच ठरते. परंतु स्वस्ताईसाठी कोठे हात आखडायचा आणि कोठे मुळीच आखडायचा नाही, याचा इतका बारकाईने केलेला विचार त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही लॅपटॉपमध्ये क्वचितच आढळतो.

हा विचार सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो तो पडद्यात. लॅपटॉपच्या किमतीचा आणि विजेच्या खर्चाचा मोठा वाटा पडदाच खातो, हे ओळखून मेरी लू जेप्सेन यांनी साडेसात इंची पडद्याची रचनाच नव्याने केली. त्यातील प्रत्येक बिंदूचा काही भाग परावर्तक ठेवलेला असल्याने मागचा दिवा पूर्ण बंद केला तरी भर उन्हात, निव्वळ सूर्यप्रकाशावर, कृष्णधवल मजकूर वाचता येतो. दिवा लावला की तोच पडदा रंगीत होतो. कृष्णधवल स्थितीत तो १,२०० गुणिले ९०० बिंदू, म्हणजे इंचाला सुमारे २०० बिंदू दाखवतो, आणि मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांनी दाटलेल्या देवनागरीसारख्या लिपीला ही घनता विशेष उपकारक आहे. शिवाय पडद्याचे नियंत्रण करणाऱ्या स्वतंत्र चिपला स्वतःची मेमरी दिलेली असल्यामुळे मूल पान वाचत असताना प्रोसेसर झोपी जातो, तरी पानावरचे चित्र जागच्या जागी राहते. वीज बेभरवशाची असलेल्या गावात या एका युक्तीचे मोल प्रोसेसरच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक आहे.

बाकीची घडणही याच धोरणाची आहे. पंखा नाही, रबरी कळफलक अखंड असल्याने धूळ आणि पाणी आत शिरत नाही, आणि झाकण फिरवून दुमडले की यंत्राचे पुस्तक होते. सशाच्या कानांसारखे उभे राहणारे दोन अँटेना मिटल्यावर बाजूची छिद्रे झाकतात आणि उघडल्यावर शेजारच्या एक्सओंशी थेट संपर्क साधतात. यंत्रांनी एकमेकांचे संदेश पुढे नेत विणलेल्या अशा बिनतारी जाळ्याला मेश नेटवर्क म्हणतात. लिनक्स कार्यप्रणालीवर चालणारा ‘शुगर’ हा इंटरफेस मुक्त स्वरूपाचा असून, चालू असलेल्या उपक्रमाचा प्रोग्रॅम उघडून पाहण्यासाठी कळफलकावर खास कळ ठेवलेली होती.

किंमत मात्र शंभरावर थांबली नाही. ती १८८ डॉलरच्या आसपास गेली. त्याच सुमारास आसुसने सात इंची ‘ई पीसी’ बाजारात आणला आणि नेटबुक, म्हणजे इंटरनेटपुरता लहान, हलका व स्वस्त लॅपटॉप, हा प्रकार सर्वत्र रूढ झाला.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्येच ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ची योजना नाकारली होती. तरीही २००७मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा एकशिक्षकी शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग झाला, आणि पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसणाऱ्या त्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती एक्सओ आला.

योजनेचा खरा कस दक्षिण अमेरिकेत लागला. पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. परंतु २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासात गणित व भाषा या विषयांच्या गुणांवर कोणताही परिणाम आढळला नाही. मूल आणि यंत्र यांची गाठ घालून दिली की शिक्षण आपोआप घडेल, हे संस्थेचे गृहीतक येथे तोकडे पडले, आणि त्याचा दोष यंत्राच्या घडणीवर टाकणे अन्यायाचे होईल. उरुग्वेने ‘प्लान सेइबाल’ ही योजना २००७मध्ये कार्दाल या छोट्या गावातून सुरू करून २००९पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना एक्सओ दिले. मात्र त्यासोबत शाळांत इंटरनेट पोहोचवले, दुरुस्तीची व्यवस्था उभारली आणि ‘फ्लोर दे सेइबो’ या उपक्रमातून तेथील सार्वजनिक विद्यापीठाचे विद्यार्थी शाळांना मदत करण्यासाठी गावोगावी जाऊ लागले.