मधुमेह : ओळख, निदान आणि परिचारिकेचे कार्य



वार्षिक अहवालात ताळेबंदाबरोबर एखादा माहितीपर लेख द्यावा, हा आपल्या रुग्णालयाचा परिपाठ आहे. यंदा आम्ही मधुमेह हा विषय घेतला आहे. आपल्या परिचर्या विद्यालयातील विद्यार्थिनींना या आजाराविषयी जे शिकविले जाते, त्याचा सारांश येथे देत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. वर्गात मागच्या बाकावर बसून जे ऐकले आणि रुग्णालयातील डॉक्टरांकडून तपासून घेतले, तेवढेच लिहिले आहे.

हा विषय निवडण्यास एक केसपेपर कारण झाला. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी गृहस्थांचे बिल सवलतीच्या मंजुरीसाठी आमच्या टेबलावर आले. चपलेचा खिळा त्यांच्या तळव्यात रुतला होता. तो त्यांना जाणवलाच नाही. जखमेवर हळद बांधून ते शेतात जात राहिले. दुर्गंधी येऊ लागली तेव्हा घरच्यांनी त्यांना येथे आणले आणि पायाची दोन बोटे काढावी लागली. सवलत मंजूर करताना आम्ही त्यांचा जुना केसपेपर चाळला. पूर्वीच्या प्रत्येक भेटीत रक्तातील साखर, वजन, रक्तदाब, औषधे अशी सारी नोंद होती. त्यांचे पाऊल कोणी पाहिल्याची नोंद मात्र एकदाही नव्हती. ही उणीव आपल्याच रुग्णालयाची होती. पुढील विवेचन वाचताना हा प्रसंग वाचकांनी ध्यानी ठेवावा, ही विनंती.

मधुमेह म्हणजे काय

आपण खातो त्या भाकरी, भात, फळे यांचे पचन होऊन त्यांतील पिष्टमय पदार्थांची साखर बनते व ती रक्तात येते. ही साखर पेशींमध्ये पोहोचण्यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हे संप्रेरक लागते. इन्सुलिन तयारच होत नसेल, अपुरे पडत असेल किंवा शरीर त्यास दाद देत नसेल, तर साखर रक्तातच साचून राहते. थोडक्यात, तिजोरी भरलेली आणि घरात मात्र चूल पेटत नाही, अशी शरीराची अवस्था होते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट होतात. हा प्रकार बहुधा बालपणी वा तरुणपणी दिसून येतो आणि त्यात इन्सुलिनवाचून जीव वाचत नाही. दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो; तो हळूहळू व बऱ्याचदा काही लक्षण न दाखविता येतो. गरोदरपणात प्रथमच उद्भवणारा मधुमेह हा आणखी एक महत्त्वाचा प्रकार होय.

या व्याधीचे वर्णन चरक व सुश्रुत संहितांत प्रमेहाच्या प्रकरणात आढळते. परंतु खात्रीचा उपाय विसाव्या शतकातच हाती आला. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आले. संशोधकांनी आपले पेटंट-हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला दिले. धर्मादाय संस्था चालविणाऱ्या आपणांसारख्यांना हा व्यवहार विशेष स्मरणीय वाटावा. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आपल्याकडे हा आजार इतका का

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमधील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले.

‘आमचा माणूस तर सडपातळ, त्याला मधुमेह कसा?’ असे आप्तेष्ट नेहमी विचारतात. याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे. २००४ साली त्यांनी व ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात, हा त्याचा अर्थ. म्हणूनच आमच्या विद्यार्थिनींना वजनकाट्याबरोबर मोजपट्टी वापरण्यास शिकविले जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर झाला, की सावध व्हावे.

निदान

वारंवार लघवी, अतिशय तहान, वजनात घट, थकवा आणि जखम लवकर न भरणे ही परिचित लक्षणे होत. तथापि ती दिसेपर्यंत थांबणे धोक्याचे असते. निदान प्रयोगशाळेतील रक्ततपासणीनेच करावयाचे. लघवीची तपासणी वा घरातील ग्लुकोमीटर यावर ते ठरवू नये. गरोदरपण वगळता निकष असे आहेत :

१. किमान आठ तास उपाशी राहिल्यावर साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक.
२. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० वा अधिक.
३. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ टक्के वा अधिक.
४. स्पष्ट लक्षणांसह कोणत्याही वेळी साखर २०० वा अधिक.

लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात. रक्तक्षय असलेल्या रुग्णात एचबीए१सीचा आकडा फसवा असू शकतो, हेही विद्यार्थिनींना आवर्जून सांगितले जाते. गरोदर स्त्रियांसाठीचा नियम निराळा आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी साखर १४० वा अधिक आल्यास राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार सुरू होतात. या तपासणीस उपाशी येण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे दूरच्या गावाहून येणाऱ्या भगिनींची मोठी सोय झाली आहे.

दैनंदिन सांभाळ

मधुमेह बहुधा आयुष्यभर सोबत करतो. पण तो आटोक्यात ठेवण्याचे फळ निश्चित मिळते. ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह आढळलेल्या ५ हजारांहून अधिक रुग्णांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर अधिक काटेकोरपणे राखली गेली, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले.

आहाराबाबत आमच्या परिचारिका ‘हे बंद, ते बंद’ असे न सांगता ताट कसे वाढावे ते दाखवितात. अर्धे ताट भाज्या व कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ वा अन्य प्रथिने, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. साखरेऐवजी गूळ खाल्ल्याने मधुमेहात काही लाभ होत नाही, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे, तंबाखू वर्ज्य करणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंडे तपासून घेणे, हा बाकीचा नेम होय.

इन्सुलिनचा हिशेब

वर्गातील हा पाठ आम्हांस विशेष भावला, कारण तो शुद्ध अंकगणिताचा आहे. आपल्या देशात इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांत मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची.

समजा, डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले आणि बाटली ४० ची आहे. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर औषध येते, मात्रा बरोबर. तीच बाटली वापरून चुकून नारिंगी सिरिंज घेतली, तर २० च्या रेघेला ०.२ मिलिलिटर, म्हणजे केवळ ८ युनिट मिळतील. उलट, बाटली १०० ची व सिरिंज लाल असेल, तर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातील आणि रुग्णाच्या जिवावर बेतेल. खातेवहीतील चूक वर्षअखेरीस दुरुस्त करता येते. ही येत नाही. म्हणून बाटलीवरील आकडा व सिरिंजवरील आकडा मोठ्याने वाचून जुळविल्याखेरीज औषध भरू नये, असा आपल्या वॉर्डांत दंडक आहे. घरी इंजेक्शन देणाऱ्या आप्तेष्टांनीही तो पाळावा. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. फ्रिज नसल्यास ओलसर मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून ते गारव्याला ठेवता येते.

साखर उतरणे

वाढलेली साखर वर्षानुवर्षे नुकसान करते. उतरलेली साखर काही मिनिटांत करू शकते. ती ७० च्या खाली गेल्यास घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड वा असंबद्ध बोलणे दिसू लागते.

एका आषाढी एकादशीस बाह्यरुग्ण विभागात एक आजी बाकावर घामाघूम होऊन पुटपुटत बसल्या होत्या. सोबतच्या सुनेला वाटले, उपवासाचा थकवा असेल. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने जवळ जाऊन विचारले, “आजी, सकाळी इंजेक्शन घेतलंत का?”

“घेतलं की, रोजच्यासारखं. पण आज एकादशी ना गं, पोटात काही नाही.”

विद्यार्थिनीने लगेच सिस्टरांना हाक मारली व ग्लुकोमीटर लावला. साखर ५१ होती. आजी शुद्धीवर असल्याने त्यांना साखरपाणी देण्यात आले. सावरल्यावर त्यांची पहिली चिंता उपवासाची होती. “साखरपाणी उपवासाला चालतं, आजी,” असे त्या मुलीने सांगितले, तेव्हा कुठे त्या हसल्या.

नियम सोपा आहे. शुद्धीवर असलेल्या रुग्णास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर कमीच असल्यास पुन्हा द्यावी. नंतर काहीतरी खावयास द्यावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. आणि उपवास धरण्यापूर्वी औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

पाऊल

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा बधिर होतात व रक्तपुरवठा मंदावतो. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तोच निद्रिस्त झाला की खिळा रुततो, भाजते, फोड येतो आणि रुग्णास कळत नाही. पाय वा बोटे काढण्याची वेळ येते, त्यापूर्वी बहुतेकदा अशीच एखादी लहान जखम झालेली असते.

हे ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. नायलॉनच्या ठराविक जाडीच्या तंतूने तळव्यास ठिकठिकाणी स्पर्श करून रुग्णास तो जाणवतो का, हे परिचारिका दोन-तीन मिनिटांत पाहू शकते. त्या केसपेपरनंतर आम्ही एक छोटा बदल केला. मधुमेहाच्या रुग्णाने खुर्चीवर बसून प्रथम पादत्राणे व मोजे काढावयाचे, आणि केसपेपरवर ‘पाऊल पाहिले’ हा रकाना भरल्यावाचून तो पुढे जावयाचा नाही. घरीही रोज रात्री आप्तेष्टांनी रुग्णाचे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. अनवाणी चालू देऊ नये, चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, गरम पाण्याने पाय शेकू नयेत आणि कुरुप घरी कापू नये.

निवेदन

२००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात. ते कर्तव्य आपण पार पाडतोच. परंतु खाट लागते ती नुकसान झाल्यानंतर. त्या शेतकरी गृहस्थांच्या शस्त्रक्रियेचा खर्च आपल्या हिशेबात आजही सापडेल. वेळीच पाऊल पाहिले असते तर वाचलेल्या दोन बोटांसाठी ताळेबंदात रकाना नाही. आपली देणगी शस्त्रक्रियागृहासाठी जितकी मोलाची, तितकीच ती परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी, तपासणीच्या पट्ट्यांसाठी आणि रुग्णाजवळ बसून समजावून सांगण्यास लागणाऱ्या तिच्या वेळासाठीही मोलाची आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणून देतो.

ते गृहस्थ अद्याप तपासणीस येतात. खुर्चीवर बसताच, कोणी सांगण्यापूर्वी ते स्वतःच चपला काढून पाऊल पुढे करतात.  आपल्या घरातील मधुमेही व्यक्तीचे पाऊल आज रात्रीच पाहावे अशी विनंती करून हे निवेदन पुरे करतो.