पठ्ठा कुणाचा?

धारवाडात नवा गवई बैठकीला बसला की तंबोरे जुळेपर्यंत मागच्या रांगेत एक चौकशी होऊन जाते: कुणाकडे शिकलाय? या भागाला ते विचारायचा हक्कच आहे. गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे शिकले. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे आणि मग मंजीखाँ-भुर्जीखाँकडे शिकले. हेच कानसेन हुबळीच्या विद्यानगरात किंवा केश्वापुरात जिमला नाव घालायला जातात तेव्हा मात्र कुणाला काही विचारत नाहीत. ट्रेनरचे दंड बघतात, भिंतीवर लावलेला त्याचा फोटो बघतात आणि तीन महिन्यांचे पैसे भरून मोकळे होतात.

तालमीत असं चालत नसे. कन्नडमधली गरडी मने आणि मराठीतली तालीम यांच्यात भाषा सोडली तर फारसा फरक नव्हता. हुबळी, धारवाड, बेळगाव, हल्याळ या पट्ट्यात दोन्ही नावं एकाच वास्तूला चालत. मैदानात जोड लागली की प्रेक्षक आधी विचारायचे, "पठ्ठा कुणाचा?" वस्तादाची पात्रता त्याच्या स्वतःच्या छातीवरून ठरत नसे. बहुतेक वस्ताद तोवर पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले असत. त्यांच्या हाताखालची पोरं किती वर्षं टिकली, किती खांदे उतरवून घरी बसली, हे सगळ्या पेठेला ठाऊक असे. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा निकाल जाहीर होता.

तालमीतली मेहनत आज कागदावर वाचली तर एकांगी वाटते: जोर, बैठका, सपाटे. जोरात छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू काम करते. बैठकीत मुख्य भार मांडीच्या पुढच्या भागावर येतो. मग पाठीचं काय, ओढण्याच्या ताकदीचं काय, मांडीच्या मागच्या शिरांचं काय? त्याचं उत्तर हौदात मिळतं. फावड्याने लाल माती खणायची, दोरावर चढायचं, मल्लखांबाला लटकायचं, गर्दनखेच करायची आणि शेवटी तासभर समोरच्याला धरून ओढायचं. ढकलण्याचा हिशेब जोर-बैठकांत व्हायचा, ओढण्याचा कुस्तीत. वस्तादाने हे तक्त्यावर मांडलं नव्हतं, पण दिवसभराचा क्रमच असा होता की शरीराची एक बाजू उपाशी राहत नसे. उत्तर कर्नाटकातल्या जत्रांत संग्राणी कल्लू उचलायची चढाओढ लागते, तिच्यात कमरेतून वाकून जमिनीवरचा धोंडा पोटाशी आणि मग खांद्यावर घ्यायचा असतो. आजच्या जिममध्ये डेडलिफ्ट शिकवतात ती हीच हालचाल. फरक इतकाच, की धोंड्याला धरायला दांडा नसतो.

घोळ झाला तो तालमीतून जोर-बैठका तेवढ्या उचलून घरी आणल्या तेव्हा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करत होते. घरोघरी पोचलेला असा दुसरा व्यायाम आपल्याकडे नाही, हे त्यांचं मोठंच काम. पण सूर्यनमस्कारात ढकलणं आहे, वाकणं आहे, ताणणं आहे, ओढणं मात्र नाही. नुसते नमस्कार घालणाऱ्याने आठवड्यातून दोनदा कुठल्या तरी आडव्या दांड्याला लटकावं, एवढी पुरवणी त्याला जोडली पाहिजे. बंगळुरात के. व्ही. अय्यर यांनी 1922 साली हर्क्युलिस जिम्नॅशियम काढलं. बारबेल आणि आसनं-नमस्कार एकाच माणसाने करावेत, असं ते शिकवत. दोन्हीकडच्या कट्टर मंडळींना ते पटलं नसणार. मला मात्र कर्नाटकातल्या व्यायामाच्या इतिहासातलं ते सर्वांत शहाणं पान वाटतं.

वस्तादांच्या जगाबद्दल फार हळवं होण्याचंही कारण नाही. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात एक दगड आहे. गामा पहिलवानाने 1902 साली तो उचलला आणि त्याचं वजन 1200 किलो आहे, असं सांगतात. जमिनीवरून बारबेल उचलण्याचा जागतिक विक्रम आजही 500 किलोच्या थोडाच पुढे आहे. गामा अफाट होताच. 1910 साली लंडनला जाऊन त्याने गाजवलेल्या कुस्त्या जगाने पाहिल्या. पण दगडाची गोष्ट ऐकताना आकड्याला हात लावून बघायची सवय आपल्याला लागली नाही. रोजच्या हजारो बैठकांच्या गोष्टीही तशाच तोंडी फिरल्या. त्या ऐकून पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारणारा तरुण दोन दिवसांनी काळ्या चहासारखी लघवी होते म्हणून दवाखान्यात पोचतो. स्नायू तुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. हा खरा धोका आहे. असा रंग दिसला तर ट्रेनरला फोन न करता थेट डॉक्टर गाठावा.

हे तोंडी ज्ञान कागदावर आणायचा सर्वांत मोठा खटाटोप मराठीतच झाला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. बडोद्यातच वस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव होते. ते आखाडाही चालवत आणि मोडलेली हाडंही बसवत. वस्ताद आणि हाडवैद्य एकच असण्याचा तो काळ. पुढे कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. प्रमाणपत्राचा रस्ता वेगळीकडून आला. मद्रासला 1920 साली हॅरी बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, मुंबई सरकारने 1938मध्ये कांदिवलीला शिक्षकांसाठी संस्था सुरू केली. धारवाड जिल्हा 1956पर्यंत मुंबई राज्यातच होता, म्हणजे कांदिवलीची संस्था आपल्याच सरकारच्या कारभारातली. 1961 साली पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली आणि खेळाच्या प्रशिक्षकाला पदविका मिळू लागली.

गंमत अशी, की शाळेतल्या पीटीच्या सरांना पदवी लागते. खेळाच्या सरकारी प्रशिक्षकाच्या जागेसाठी पतियाळाची पदविका मागतात. फिजिओथेरपिस्ट आणि इतर आरोग्यव्यावसायिकांसाठी 2021 साली केंद्राने कायदा केला. तुमच्या पाठीवर 60 किलोची दांडी ठेवणाऱ्या जिम ट्रेनरला मात्र कायद्याने कुठलाच परवाना लागत नाही. 29 ऑक्टोबर 2021ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या 46व्या वर्षी गेले. सकाळी व्यायाम झाल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागलं होतं. त्यानंतर राज्यभर लोक हृदयाच्या तपासण्यांना धावले आणि जिमसाठी नियम करण्याची भाषा सरकारातही झाली. एका मृत्यूवरून व्यायामालाच दोष देणं चूक आहे. पण नाव घालताना रक्तदाब, साखर, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, हे विचारायला हवं, एवढं तरी त्या आठवड्यात सर्वांना पटलं होतं. पुढे विसरही पडला.

आता भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे वळू. शारीरिक शिक्षणाची पदवी म्हणजे काही वर्षांचं शिक्षण, त्यात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र आलं. कर्नाटक विद्यापीठात ते धारवाडातच शिकता येतं. अमेरिकेतल्या एनएससीए या संस्थेचं सीएससीएस हे प्रमाणपत्र पदवीशिवाय मिळत नाही आणि ठरावीक काळाने नवं करावं लागतं. केंद्राच्या कौशल्य योजनेतला फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम प्राथमिक पातळीचा, पण त्याची परीक्षा तरी असते. याच्या खाली मोठं दलदलीचं रान आहे: दोन दिवसांची शिबिरं, घरबसल्या पन्नास प्रश्नांची टिकमार्क परीक्षा, रंगीत शिक्का. दुरून सगळ्यांच्या चौकटी सारख्याच सोनेरी दिसतात. जवळ जाऊन संस्था कोणती, किती महिन्यांचं शिक्षण, हाताने करून दाखवायची परीक्षा झाली का, मुदत संपली का, एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. खरं शिकलेला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, उलट तासभर सांगत बसतो.

प्रमाणपत्र मात्र उंबऱ्यापर्यंतच नेतं. आतली परीक्षा निराळी आणि तिच्यासाठी जुना वस्तादच आठवावा लागतो. या ट्रेनरकडे तीन वर्षांपासून येणारं कुणी आहे का? त्यात पन्नाशीची एखादी बाई आहे का? विशीतल्या पोराचं शरीर चुकीच्या व्यायामानेही फुलतं, त्यात शिकवणाऱ्याची कसोटी लागत नाही. पहिल्या दिवशी त्याने तुमचे गुडघे, जुनी ऑपरेशनं, चालू औषधं विचारली का? वहीत वजनं लिहितो का? टॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने 1945 साली जखमी सैनिकांवरच्या अनुभवातून भार हिशेबाने आणि पायरीपायरीने वाढवण्याची पद्धत मांडली. वही नसेल तर पायरी कुठली, हे ट्रेनरला कळणार कसं? आणि "हे माझ्या आवाक्यातलं नाही, फिजिओकडे जा" असं तो कधी म्हणतो का? माझ्या लेखी हे एक वाक्य दहा चौकटींच्या बरोबरीचं आहे.

जो ट्रेनर स्वतःच प्रथिनांचे डबे विकतो त्याच्या सल्ल्यात दुकान मिसळलेलं असतं. केरळातल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन पावडरी तपासून 2024 साली निष्कर्ष छापले. सुमारे 70 टक्क्यांच्या लेबलवरचं प्रथिनाचं प्रमाण खरं निघालं नाही, काहींत बुरशीचं विषही होतं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, झुणका, ताक, जमत असेल तर अंडी, यावर आपल्या भागातला माणूस बराच पुढे जाऊ शकतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं नाव काढणाऱ्याशी तर वादही घालू नये. यकृत, हृदय आणि संतती या तिन्हींशी खेळ आहे तो. चप्पल घालून बाहेर पडावं.

व्यायामातलं संतुलन म्हणजे सगळ्या स्नायूंना सारखं वाढणं, असा एक गैरसमज आहे. बँकेत आठ तास पुढे वाकून बसणाऱ्याला ढकलण्यापेक्षा ओढणं जास्त हवं. जिममध्ये होतं उलटं: सोमवारी सगळेच छातीच्या बाकावर रांग लावतात, कारण आरशात छाती दिसते, पाठ दिसत नाही. धारवाडच्या सप्तापुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांना 1600 मीटर धाव, उडी आणि 7.26 किलोचा गोळा पार करायचा असतो. ती पहाटे नुसती धावतात आणि नडगी दुखायला लागल्यावर आणखी धावतात. आठवड्यातून दोनदा पायांची आणि कमरेची ताकद वाढवली तर त्यांचा गोळाही लांब जाईल आणि नडगीवरचा ताणही हलका होईल.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2020चा सल्लाही हाच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याखेरीज किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम. हुबळीच्या उणकल तळ्याभोवती रोज चालणाऱ्यांचा पहिला भाग होतो, दुसरा राहतो. बारीक आहोत म्हणजे ठीक आहोत, हे आपल्याला लागू नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. तराजू सारखाच, आत स्नायू कमी. या मातीतल्या मधुमेहाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांना तर "जड उचलू नका" असंच सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायकांवर एक प्रयोग झाला, 2018 साली तो छापून आला. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, खरोखर जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याची हाडं भरली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची भरली नाहीत. मात्र प्रत्येक उचल जाणकाराच्या नजरेखाली होती. हुबळीत कुणी साठीच्या बाईला हे देऊ म्हणत असेल तर त्याला आधी रिकाम्या दांडीने वाकून दाखवायला सांगावं, मग तिच्याकडून करून घेताना तो तिच्या पाठीकडे बघतो की मोबाइलकडे, हे शेजारी उभं राहून पाहावं.